मूळपुरुषाचा शोध : इचलकरंजीकर घोरपडे घराण्याच्या संदर्भात स्थलांतरित पूर्वजाच्या इतिहासलेखनाचा विचार

प्रस्तावना

घराण्यांचा इतिहास हे मराठ्यांच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे अंग आहे. बखरी, कैफियती, करीने, वंशावळी आणि विसाव्या शतकात प्रसिद्ध झालेले कुलवृत्तांत अशा विविध स्वरूपांत हा इतिहास उपलब्ध आहे. राजकीय इतिहासाच्या अभ्यासकांनी या साधनांचा उपयोग प्रामुख्याने मोहिमा, तह आणि नेमणुका यांच्या तारखा निश्चित करण्यासाठी केला. परंतु एखादे घराणे मुळात कोठून आले, का आले आणि नव्या ठिकाणी रुजताना त्याने काय टाकले व काय राखले, हे प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिले. स्थलांतर करून आलेल्या पूर्वजाचा शोध घेताना हेच प्रश्न केंद्रस्थानी येतात.

जगात अन्यत्रही या प्रश्नांचा अभ्यास झालेला आहे. अठराव्या शतकात स्वित्झर्लंड आणि ऱ्हाईन नदीकाठचा जर्मन प्रदेश येथून हजारो कुटुंबे उत्तर अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींत गेली. त्यांच्या वंशजांनी आपल्या पहिल्या पूर्वजाचा माग काढताना चर्चच्या नोंदवह्या, जहाजांवरील प्रवाशांच्या याद्या, जमिनीचे दस्तऐवज आणि मृत्युपत्रे यांची सांगड घालण्याची एक पद्धती विकसित केली. त्याच सुमारास महाराष्ट्रात कोकणातून सह्याद्री ओलांडून अनेक कुटुंबे घाटावर येत होती. या दोन स्थलांतरांची परिस्थिती अगदी भिन्न असली, तरी संशोधकापुढे उभ्या राहणाऱ्या अडचणी आश्चर्यकारकरीत्या सारख्या आहेत.

प्रस्तुत निबंधात कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजीच्या घोरपडे घराण्याचे उदाहरण घेऊन स्थलांतरित पूर्वजाच्या शोधाची साधने, त्यांतील धोके आणि ‘मूळपुरुष’ या संकल्पनेचा अर्थ यांचा विचार केला आहे. मूळपुरुष हा केवळ रक्तसंबंधाने ठरत नाही. घराण्याचा हक्क आणि त्या हक्काचा कागद ज्याच्यापासून सुरू होतो तो मूळपुरुष ठरतो, असे या उदाहरणावरून दिसून येते.

म्हापण ते इचलकरंजी

इचलकरंजी जहागिरीचे संस्थापक नारो महादेव हे मूळचे जोशी आडनावाचे चित्पावन ब्राह्मण. त्यांचे मूळ गाव म्हापण. हे गाव आज सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या वेंगुर्ले तालुक्यात मोडते. वडिलांचे छत्र हरपल्यावर ते बालवयातच आईसमवेत घाटावर आले आणि घोरपडे घराण्याच्या आश्रयाला राहिले, असे परंपरेने सांगितले जाते. पुढे ते सेनापती संताजी घोरपडे यांच्या सेवेत चढत गेले. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १६९१ च्या सुमारास, संताजींना सेनापतिपद मिळाले आणि १६९७ मध्ये त्यांचा वध झाला. धन्याच्या मृत्यूनंतर नारो महादेवांनी घोरपड्यांच्या वारसांची साथ सोडली नाही. या घराण्याच्या सेवेतूनच त्यांना इचलकरंजी आणि आजरा या भागांतील उत्पन्न प्राप्त झाले. धन्याविषयीच्या कृतज्ञतेपोटी त्यांनी जोशी हे आडनाव सोडून घोरपडे हे आडनाव धारण केले.

म्हापणहून निघालेल्या कुटुंबाला आंबोलीच्या बाजूने घाट चढल्यावर आजऱ्याचा मुलूख लागतो. आजरा हा घराण्याच्या जहागिरीचा एक भाग असल्याने तिच्या नकाशातच या स्थलांतराची वाट अंशतः दिसते. डोंगराळ, पावसाळी आजरा आणि पंचगंगेच्या काठची काळी जमीन असलेले इचलकरंजी या दोन भिन्न प्रदेशांचे एका जहागिरीत एकत्र येणे भूगोलाने समजत नाही. ते सेवेच्या इतिहासानेच समजते.

नारो महादेवांचे पुत्र व्यंकटराव यांचा विवाह पेशवे बाळाजी विश्वनाथ यांची कन्या अनुबाई यांच्याशी झाला. बाळाजी विश्वनाथ भट हेही श्रीवर्धनहून घाटावर आलेले. अशा रीतीने कोकणातून आलेली दोन घराणी घाटावर सोयरिकीने जोडली गेली आणि इचलकरंजीकर हे पहिल्या बाजीरावांचे मेहुणे झाले. आडनाव बदलले तरी विवाहसंबंध मात्र मूळ जातिसमूहातच होत राहिले, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

आडनाव : एक फसवी खूण

घराण्याचा शोध घेणारा सामान्य जिज्ञासू प्रथम आडनावाचा आधार घेतो. इचलकरंजीच्या उदाहरणात हा आधार किती दुबळा आहे हे स्पष्ट होते. कोल्हापूर संस्थानच्या मांडलिक जहागिऱ्यांमध्ये विशाळगड, बावडा, कागल, तोरगल यांच्याबरोबरच कापशी आणि इचलकरंजी यांचाही समावेश होता. कापशीचे सेनापती घोरपडे हे संताजींच्या कुळातील मराठा घराणे; इचलकरंजीचे घोरपडे हे मूळचे जोशी. एकाच संस्थानात, एकमेकांपासून फार दूर नसलेल्या दोन जहागिऱ्यांचे अधिपती एकाच आडनावाचे, परंतु वेगळ्या जातीचे आणि वेगळ्या कुळाचे होते. याखेरीज मुधोळ, गजेंद्रगड, गुत्ती आणि संडूर येथील घोरपडे घराणी आहेतच. केवळ आडनावावरून वंशावळ मांडू पाहणारा अभ्यासक येथे सहज भरकटेल.

मूळ आडनावाचाही फारसा उपयोग नाही. जोशी हे व्यवसायवाचक आडनाव आहे. गावाचे ज्योतिषपण ज्या घराकडे असेल ते घर जोशी, असा हा व्यवहार असल्याने परस्परांशी काहीही नाते नसलेली असंख्य जोशी घराणी महाराष्ट्रभर आढळतात. चित्पावनांमध्येही जोशी हे आडनाव एकाहून अधिक गोत्रांत आहे. म्हणून ‘म्हापणचे जोशी’ असे गावासह म्हटल्याशिवाय त्या आडनावाला ऐतिहासिक अर्थ प्राप्त होत नाही.

अमेरिकेतील एक प्रसिद्ध उदाहरण येथे तुलनेसाठी घेता येईल. १९२९ ते १९३३ या काळात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असलेले हर्बर्ट हूवर यांचे पूर्वज आन्द्रेआस हूबर हे १७३८ मध्ये फिलाडेल्फिया बंदरात उतरले. ते जर्मन प्रदेशातून आले होते. परंतु त्यांच्या कुळाचे मूळ स्वित्झर्लंडच्या आरगाऊ प्रांतातील एका खेड्यात होते. हूबर हेही जोशींप्रमाणेच सामान्यनामावरून आलेले आणि म्हणून शेकडो असंबद्ध कुटुंबांत आढळणारे आडनाव. ‘हूबे’ म्हणजे जमिनीचे एक माप, आणि तेवढी जमीन धारण करणारा तो हूबर. इंग्रजी भाषिक समाजात त्याचे हूवर झाले.

दोन्ही उदाहरणांत नाव बदलले. पण बदलाचे कारण वेगळे आहे. हूबरचे हूवर झाले ते इंग्रजी कानाला व लेखणीला सोयीचे म्हणून. तो उच्चाराचा बदल होता. जोशींचे घोरपडे झाले तो निष्ठेचा बदल होता. पहिल्या प्रकारात जुने नाव नव्या नावाच्या आत ओळखता येते. दुसऱ्या प्रकारात जुन्या नावाची काहीच खूण उरत नाही. त्यामुळे महाराष्ट्रातील संशोधकाला केवळ ध्वनिसाम्यावर विसंबता येत नाही. नाव का बदलले, हे समजल्याखेरीज कोणते नाव होते हेही समजत नाही.

नावांची पुनरावृत्ती आणि कालगणनेचे प्रश्न

दुसरी अडचण व्यक्तिनामांची. नारो हे नारायण या नावाचे त्या काळातील रूढ रूप. पणजोबा, आजोबा यांचे नाव नातवाला ठेवण्याच्या प्रघातामुळे या घराण्यात नारो महादेव, व्यंकटराव, नारायणराव, पुन्हा व्यंकटराव, पुन्हा नारायणराव असा क्रम लागतो. तत्कालीन पत्रांत बहुधा स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव एवढेच येते. ‘व्यंकटराव नारायण’ असा उल्लेख आढळला, तर तो पहिल्या व्यंकटरावांचा की दुसऱ्या, हे केवळ नावावरून सांगता येत नाही. दोघांच्याही वडिलांचे नाव नारायणच. पत्राची तारीख, त्यातील अन्य व्यक्ती आणि प्रसंग यांच्या साहाय्यानेच निर्णय करावा लागतो. पेनसिल्व्हेनियातील स्विस व जर्मन कुटुंबांत योहान्स किंवा योहान हे नाव भावाभावांतही पुन्हा पुन्हा येते आणि तेथील अभ्यासकांना हाच घोळ सोडवावा लागतो.

तारखेचा निर्णय करणे हेही सोपे नाही. अठराव्या शतकातील मराठी कागदांत शालिवाहन शक, राज्याभिषेक शक, सुहूर सन आणि फसली सन अशा अनेक गणना वापरल्या जात. सुहूर सनाचा आकडा अरबी संख्यावाचक शब्दांनी, एकम स्थानापासून सुरुवात करून लिहिला जाई. ‘सलास अशरीन मया व अलफ’ म्हणजे तीन, वीस, शंभर आणि हजार, अर्थात ११२३. त्यात जून ते डिसेंबर या महिन्यांसाठी ५९९ आणि जानेवारी ते मे या महिन्यांसाठी ६०० मिळवले असता इसवी सन १७२२-२३ मिळते. महिन्याकडे दुर्लक्ष झाल्यास एका वर्षाची चूक होते आणि वंशावळीत एका वर्षाच्या चुकीने मुलगा बापाच्या मृत्यूनंतर कारभार करताना दिसण्याऐवजी त्याच्या हयातीतच करताना दिसू लागतो. युरोपीय स्थलांतरितांच्या इतिहासातही अशी अडचण आहे. झुरिच, बर्न, बाझल या प्रॉटेस्टंट स्विस प्रांतांनी ग्रेगरीय पंचांग १७०१ मध्ये स्वीकारले, तर इंग्लंड आणि तिच्या वसाहतींनी ते १७५२ मध्ये स्वीकारले. परिणामी त्या दरम्यान स्वित्झर्लंड सोडून पेनसिल्व्हेनियात पोहोचलेल्या कुटुंबाच्या दोन टोकांच्या तारखांत अकरा दिवसांचे अंतर पडते.

कागदांची विखुरलेली स्थिती

इचलकरंजीकरांची स्थिती राजकीयदृष्ट्या अवघड होती. जहागीर कोल्हापूरकरांच्या मुलखाला लागून, मूळ धनी कापशीकर, आणि सोयरीक पेशव्यांशी. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर ही दोन राज्ये वेगळी झाल्यावर या घराण्याला दोन्ही सत्तांशी व्यवहार करावा लागला. कोल्हापूरकरांशी त्यांचे वारंवार खटके उडाले. पेशवाईच्या अस्तानंतर इचलकरंजी स्वतंत्र की कोल्हापूरची मांडलिक, हा वाद उभा राहिला आणि ब्रिटिशांनी ती कोल्हापूरची मांडलिक जहागीर मानली.

या इतिहासाचा परिणाम साधनांच्या विभागणीवर झाला. घराण्याचे व्यवहार खासगी दफ्तरात, पेशव्यांशी संबंधित पत्रे पुण्याच्या पेशवे दफ्तरात, तर कोल्हापूर दरबाराशी संबंधित कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात शोधावे लागतात. ब्रिटिश काळातील इनामांची चौकशी, विशेषतः १८५२ च्या कायद्याने अधिकार मिळालेल्या इनाम कमिशनचे काम, यांतूनही अनेक घराण्यांच्या वंशावळी व कैफियती निर्माण झाल्या. या कैफियती वाचताना एक गोष्ट विसरता येत नाही. त्या इतिहास सांगण्यासाठी लिहिलेल्या नाहीत. हक्क सिद्ध करण्यासाठी लिहिलेल्या आहेत. जो पूर्वज हक्काला उपयोगी तो त्यांत ठळकपणे येतो. जो निरुपयोगी तो गळतो.

विखुरलेले कागद एकत्र आणण्याचे मोठे कार्य वासुदेवशास्त्री खरे (१८५८-१९२४) यांनी केले. खरे हे मूळचे गुहागरचे. अध्यापनाच्या निमित्ताने ते मिरजेस स्थायिक झाले. म्हणजे कोकणातून घाटावर आलेल्या घराण्यांचा इतिहास लिहिणारा हा इतिहासकारही त्याच वाटेने आलेला होता. पटवर्धनांच्या दफ्तरातील पत्रांवर आधारित ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ हे त्यांचे मुख्य कार्य होय. त्यांनी ‘इचलकरंजी संस्थानचा इतिहास’ लिहिला आणि ‘हरिवंशाची बखर’ही प्रसिद्ध केली.

यांतील ‘हरिवंश’ हा शब्द प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने बोलका आहे. रत्नागिरीजवळील कोतवडे येथून आलेले हरभट पटवर्धन हे इचलकरंजीकरांचे उपाध्याय होते. त्यांच्या पुत्रपौत्रांनी पेशव्यांच्या सेवेत पराक्रम गाजवला आणि मिरज, सांगली, जमखिंडी, कुरुंदवाड ही पटवर्धनी संस्थाने उदयास आली. हरभटांचा वंश तो ‘हरिवंश’. हरभटांनाही आजोबा-पणजोबा होतेच. परंतु वंशाला नाव मिळाले ते घाट चढून आलेल्या पुरुषाचे.

मूळपुरुष कोण?

येथे मूळ प्रश्नाकडे वळता येते. इचलकरंजीकरांच्या वंशावळीचा आरंभ नारो महादेवांपासून होतो. त्यांच्या नावातच वडिलांचे नाव आहे. तरीही महादेव जोशी हे मूळपुरुष मानले जात नाहीत. म्हापणच्या जोशी कुळाच्या दृष्टीने नारो हे अनेक पिढ्यांनंतरचे एक वंशज. इचलकरंजीच्या दृष्टीने ते आरंभबिंदू. एकच व्यक्ती एका वंशवृक्षाची फांदी आणि दुसऱ्याचे मूळ आहे. अमेरिकेतही हेच घडले. १७२७ पासून पेनसिल्व्हेनियात उतरणाऱ्या परदेशी पुरुषांकडून निष्ठेची शपथ घेऊन त्यांची नावे नोंदवली जाऊ लागली. अनेक कुटुंबांचा इतिहास त्या यादीतील सहीपासून सुरू होतो आणि जो पुरुष सही करतो तोच मूळपुरुष ठरतो. त्याच जहाजातून आलेली त्याची पत्नी आणि मुले त्या शपथपत्रावर नसतात.

या विवेचनावरून पूर्वजाची ओळख तीन स्वतंत्र धाग्यांनी विणलेली असते, असे म्हणता येते. पहिला धागा कुळाचा : गोत्र, कुलदैवत, विवाहसंबंध. दुसरा धागा सेवेचा : धनी, पद, आडनाव. तिसरा धागा भूमीचा : वतन, इनाम, राहते गाव. नारो महादेवांच्या बाबतीत कुळाचा धागा म्हापणला जातो, सेवेचा कापशीला आणि भूमीचा इचलकरंजीला. हे तीन धागे एकाच ठिकाणी जातील असे गृहीत धरणे ही घराण्याच्या इतिहासलेखनातील सर्वांत मोठी चूक होय. ते वेगळे करून तपासले, तरच स्थलांतराचा इतिहास हाती लागतो. आडनाव बदलूनही विवाह चित्पावनांतच होत राहिले, यावरून कुळाचा धागा सेवेच्या धाग्याने तुटला नाही हे दिसते. कृतज्ञतेने जातीची चौकट ओलांडली, पण नावापुरतीच.

वंशावळीच्या बाहेर राहिलेले

या पद्धतीची मर्यादाही लक्षात घेणे आवश्यक आहे. परंपरा सांगते त्याप्रमाणे घाट चढून येण्याचा निर्णय लहानग्या नारोचा असू शकत नाही. तो त्याच्या आईचा होता. त्या अर्थाने स्थलांतर करणारी पहिली व्यक्ती ती माता होय. तथापि वंशावळीत पुरुष पुरुषाला जोडला जातो आणि आईला तेथे स्थान नसते. अनुबाईंची गोष्ट वेगळी. पतीच्या निधनानंतर मुलाच्या व नातवाच्या काळातही त्यांनी कारभारावर पकड ठेवली. त्यामुळे पत्रव्यवहारात त्या ठळकपणे दिसतात. वंशावळीत न सापडणारी स्त्री पत्रात सापडते, हा येथील पद्धतिशास्त्रीय धडा आहे.

ज्यांना जहागीर नव्हती, वतन नव्हते आणि म्हणून दफ्तरही नव्हते, अशा बहुसंख्य कुटुंबांचे काय, हा याहून गंभीर प्रश्न आहे. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या भागांत त्यांच्यासाठी एक वेगळी परंपरा होती. सुगीनंतर बैल घेऊन गावोगाव फिरणारे हेळवी शेतकरी कुटुंबांच्या दारात उभे राहून त्यांची वंशावळ म्हणून दाखवत, नव्या जन्मांची भर घालत आणि मोबदल्यात धान्य घेत. कूळ कोणत्या गावाहून आले, कोठे फुटले, कोण दत्तक गेला ही माहिती त्यांच्या मुखात आणि वह्यांत असे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या हस्ताक्षरांतील नोंदी असतात आणि त्यांत गाव, आडनाव व नातलग यांचा उल्लेख येतो. या साधनांची विश्वसनीयता तपासूनच घ्यावी लागते. मौखिक वंशावळीत पिढ्या गळण्याचा आणि प्रतिष्ठित कुळाशी नाते जोडण्याचा संभव असतो. तरीही दफ्तर नसलेल्या समाजाचा स्थलांतराचा इतिहास त्यांच्याशिवाय लिहिता येणार नाही.

अलीकडच्या काळात या विषयाला नवे सामाजिक महत्त्व आले आहे. जातप्रमाणपत्राच्या पडताळणीसाठी वंशावळ आणि जुन्या महसुली वा शालेय नोंदी सादर कराव्या लागतात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामाच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला आणि मोडी लिपी वाचणाऱ्यांची गरज प्रकर्षाने जाणवली. एकोणिसाव्या शतकात इनामासाठी वंशावळ मांडली गेली, आज ती प्रमाणपत्रासाठी मांडली जाते. हक्कासाठी मांडलेली वंशावळ खोटीच असते असे नाही. परंतु तिच्यातील मौन कोठे आहे हे ओळखण्याची जबाबदारी इतिहासाच्या अभ्यासकावर येते.

निष्कर्ष

१. स्थलांतरित पूर्वजाच्या शोधात आडनाव हा सर्वांत सुलभ, परंतु सर्वांत कमी विश्वसनीय पुरावा आहे. गाव, सेवा आणि सोयरीक यांच्या आधाराशिवाय तो ग्राह्य मानता येत नाही.

२. कूळ, सेवा आणि भूमी हे ओळखीचे तीन धागे स्वतंत्रपणे तपासले पाहिजेत. इचलकरंजीच्या उदाहरणात ते अनुक्रमे म्हापण, कापशी आणि इचलकरंजी येथे जातात.

३. मूळपुरुष ही जैविक नव्हे, तर ऐतिहासिक आणि बऱ्याच अंशी कायदेशीर संकल्पना आहे. ज्याच्यापासून हक्क आणि त्याचा कागद सुरू होतो त्याला वंशज मूळपुरुष मानतात.

४. स्त्रिया आणि वतनहीन कुटुंबे वंशावळीच्या बाहेर राहतात. पत्रव्यवहार, हेळव्यांच्या वह्या आणि तीर्थक्षेत्रांतील नोंदी यांच्या साहाय्याने ही उणीव काही अंशी भरून काढता येते.

दक्षिण महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या परिसरात आजही जुन्या घरांतून मोडी रुमाल आहेत आणि काही गावांत हेळव्यांची ये-जा आहे. मोडी जाणणारे प्राध्यापक आणि गावची माहिती असलेले विद्यार्थी यांनी एकत्र येऊन या नोंदींच्या प्रती करून ठेवल्यास, संस्थानिकांच्या पलीकडील कुटुंबांनाही आपल्या म्हापणचा पत्ता लागू शकेल.